'फ्लस्टर' : तारांबळ उडाली की उडवली?

इंग्रजी माध्यमात शिकणारी आपल्या घरांतील मुले-मुली हल्ली एक शब्द सहज वापरतात. तोंडी परीक्षेत उत्तर पाठ असूनही ओठांवर आले नाही, मुलाखतीत स्वतःच्याच पदवीचे वर्ष चुकीचे सांगितले, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे हातातून कलंडला, की त्या म्हणतात, ''मी फ्लस्टर झाले.'' आजी विचारते, ''म्हणजे घाबरलीस का?'' नात म्हणते, ''घाबरले नव्हते गं.'' ''मग गोंधळलीस?'' ''तसेही नाही. मला सगळे येत होते.'' आजीला उत्तर पटत नाही आणि नातीला याहून अधिक सांगता येत नाही. वास्तविक दोघींचेही बरोबर आहे. या शब्दाची जागा घबराट आणि गोंधळ यांच्या मधोमध आहे, आणि तेथपर्यंत तो ज्या वाटेने आला ती वाट व्यापारी घरांनी जाणून घ्यावी इतकी उद्बोधक आहे.

प्रथम अर्थ नीट पाहू. पेढीवर तीस वर्षे जमाखर्च लिहिणारे दिवाणजी डोळ्यांपुढे आणा. कोणते व्हाउचर कोणत्या फाइलीत आहे हे त्यांना झोपेतही सांगता येते. एके दिवशी तपासणीसाठी तीन अधिकारी येतात. एक या वर्षाचे विचारतो, दुसरा मागच्या वर्षाचे, तिसरा संगणक उघडायला सांगतो आणि मध्येच फोन वाजतो. दिवाणजींचा चेहरा लाल होतो, चष्मा कपाळावर असताना ते तो टेबलावर शोधू लागतात आणि समोरच पडलेले व्हाउचर त्यांना दिसत नाही. त्यांचे ज्ञान कोठेही गेलेले नाही. त्यांनी काही लपवलेलेही नाही, म्हणून भीतीचे कारण नाही. तरीही त्या पाच मिनिटांपुरता तीस वर्षांचा अनुभव निकामी होतो. या अवस्थेला इंग्रज 'फ्लस्टर्ड' म्हणतो.

याच परिसरात इंग्रजीचे इतरही शब्द वावरतात, परंतु त्यांची कुळे वेगळी आहेत. 'कन्फ्यूज' हा लॅटिन भाषेतून आलेला शब्द. त्याच्या मुळाशी 'एकत्र ओतणे' ही क्रिया आहे. दोन जातींचे धान्य एकाच पोत्यात ओतले की जे होते ते. 'परप्लेक्स'च्या मुळाशी गुंफणे, पीळ घालणे आहे. 'पॅनिक' हा ग्रीकांच्या पॅन या वनदेवतेवरून आला. रानात कळप एकाएकी उधळतात ते त्याच्यामुळे, अशी प्राचीन ग्रीकांची समजूत होती. शेअर बाजारात भाव कोसळू लागल्यावर सगळेच एकदम विकायला धावतात तेव्हा हाच शब्द वापरतात आणि तो तेथे चपखल बसतो. मात्र या तिन्हींत 'फ्लस्टर'मधील मुख्य गोष्ट नाही. ती गोष्ट म्हणजे ऊब. फ्लस्टर झालेल्या माणसाचे रक्त तापलेले असते, गाल तांबडे होतात, हात घाईने चालतात आणि चुकतात.

ही ऊब आणि ही घाई शब्दाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे. नवव्या शतकापासून पुढे दोनशे वर्षे उत्तरेकडील समुद्री लोक इंग्लंडवर चालून येत राहिले. त्यांतील पुष्कळ जण तेथेच वसले, शेती करू लागले, स्थानिक घरांशी सोयरिकी जोडल्या. त्यांच्या बोलीतील शेकडो शब्द इंग्रजीत कायमचे मिसळले. 'विंडो', 'स्काय', 'लॉ', 'हजबंड' हे रोजचे शब्द त्यांचेच. 'फ्लस्टर' त्याच उत्तरेकडच्या भाषाकुळातून आला असावा असे कोशकार मानतात. इंग्रजी लिखाणात त्याचे पहिले दर्शन पंधराव्या शतकाच्या आरंभी घडते. आइसलँडच्या भाषेत त्याचे भावंड आजही जिवंत आहे. तेथे 'फ्लौइस्तुर' म्हणजे घाईगर्दी, आणि घाईत उरकल्यामुळे बिघडलेले काम. एकाच शब्दात घाई हे कारण आणि बिघाड हे फळ, अशी दोन्हींची नोंद त्या छोट्या बेटावरच्या लोकांनी करून ठेवली आहे. खाते एकच, जमा आणि नावे दोन्ही बाजू भरलेल्या.

इंग्लंडमध्ये आल्यावर मात्र शब्दाने वेगळाच संग धरला. तो मद्याच्या पेल्यात जाऊन बसला. कोणाला 'फ्लस्टर' करणे म्हणजे त्याला इतके पाजणे की तो पुरता बेशुद्ध होणार नाही, परंतु तापेल, बडबडेल, त्याचा तोल थोडा सुटेल. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली प्रकाशित केला. त्यातही या क्रियापदाचा अर्थ पाजून लालबुंद करणे, अर्धवट झिंगवणे असाच दिलेला आहे. चेहऱ्यावर चढणाऱ्या लालीला इंग्रजीत 'फ्लश' म्हणतात, म्हणून 'फ्लस्टर' हा त्यातूनच निघाला असावा, असे जॉन्सन यांनी मानले. पुढच्या विद्वानांनी उत्तरेकडची वाट अधिक ग्राह्य धरली. तरीही जॉन्सन यांच्या कानाला जे साम्य जाणवले ते अगदीच टाकाऊ नाही, कारण बोलणाऱ्यांच्या मनात हे दोन शब्द शेजारी बसलेलेच असतात. आपल्या वाचकांच्या घरी तो पेला नसतो, म्हणून हा इतिहास परका वाटेल. परंतु शब्दाचा खरा स्वभाव याच टप्प्यावर उघड होतो, आणि तो उघड करणारा माणूस शेक्सपिअर आहे.

'ऑथेल्लो' हे नाटक सतराव्या शतकाच्या अगदी आरंभीचे. मराठी रंगभूमीला ते गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'झुंझारराव'मुळे परिचित आहे. ऑथेल्लो हा व्हेनिसचा सेनापती. कॅसिओ हा त्याचा विश्वासू उपसेनानी. आणि ते पद आपल्याला मिळाले नाही म्हणून मनात विष धरून बसलेला इयागो. दुसऱ्या अंकात सायप्रस बेटावर आनंदोत्सवाची रात्र आहे. तुर्कांचे आरमार वादळात बुडाले आहे आणि सेनापतीचा विवाहही नुकताच झाला आहे. कॅसिओकडे रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी आहे. त्याला मद्य सोसत नाही आणि तो तसे स्पष्ट सांगतो. इयागो आग्रह सोडत नाही. त्यापूर्वीच त्याने सायप्रसच्या तीन मानी, चटकन चिडणाऱ्या तरुणांना पेल्यावर पेले पाजून ठेवले आहेत, आणि ही आपली करामत तो प्रेक्षकांना एकट्याने सांगतो तेव्हा त्याच्या तोंडी हाच शब्द येतो. त्या तिघांना त्याने 'फ्लस्टर' केले आहे. आता त्यांच्यात कॅसिओला ढकलायचे, एवढेच बाकी.

पुढे जे घडते ते आपल्यापैकी अनेकांनी व्यवहारात दुसऱ्या वेषात पाहिलेले असेल. कॅसिओ तापतो, कोणीतरी त्याला डिवचतो, तलवार निघते, एक प्रतिष्ठित गृहस्थ जखमी होतो. गलका ऐकून ऑथेल्लो येतो आणि न्यायाधीशाच्या थाटात विचारतो, भांडण कोणी सुरू केले? प्रश्न वरवर योग्य वाटतो. इयागो जणू नाइलाजाने कॅसिओचे नाव पुढे येऊ देतो. कॅसिओचे पद त्याच क्षणी जाते. पेला कोणी भरला, हे कोणीच विचारीत नाही. स्वतः कॅसिओसुद्धा विचारीत नाही. तो शुद्धीवर येतो तेव्हा काय काय घडले ते त्याला धूसर आठवते, भांडणाचे कारण आठवत नाही, आणि तो केवळ स्वतःलाच दूषणे देत बसतो. आपली अब्रू गेली, याचाच त्याला शोक. त्याचे सांत्वन करायला कोण बसले आहे? इयागोच. नाटकात पुढे रुमालाचे प्रकरण आहे, संशय आहे, खून आहे, आणि समीक्षकांनी त्यावर ग्रंथ लिहिले आहेत. मला मात्र सर्वांत भयंकर वाटतो तो हाच प्रसंग. फसवणाऱ्याची दोन कामे त्यात एका रात्रीत पुरी होतात. बळी तोल गमावतो, आणि तोल गमावल्याबद्दल स्वतःलाच दोषी धरतो.

अठराव्या शतकात या शब्दातून हळूहळू मद्य उतरले. जॉन्सन यांनी जुनाच अर्थ नोंदला असला, तरी त्याच शतकातील लिखाणात न पिता गडबडलेल्या माणसालाही हे विशेषण लागू लागले होते. आज तर मूळचा मद्याचा अर्थ इंग्रजांच्याही स्मरणात नाही. पेला गेला; ऊब, लाली आणि सुटलेला तोल मागे राहिले. आणखी एक गोष्ट मागे राहिली, तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. हे क्रियापद सकर्मक आहे. 'फ्लस्टर' ही आपोआप होणारी क्रिया क्वचितच असते. कोणीतरी कोणाला तरी फ्लस्टर करतो. आपण ज्याला 'फ्लस्टर्ड' म्हणतो तो व्याकरणाच्या दृष्टीने कर्म आहे, आणि कर्म असेल तर वाक्यात कोठेतरी कर्ताही असणारच. तो दिसत नाही, एवढेच.

आपल्या मराठीने या बाबतीत काय केले आहे? शब्दांची तर चंगळ आहे. गांगरणे, भांबावणे, बावरणे, गडबडणे, धांदल, त्रेधातिरपीट, भंबेरी. त्यांत मला 'तारांबळ' विशेष प्रिय आहे. लग्नात मंगलाष्टके संपत आली की 'ताराबल' आणि 'चंद्रबल' यांचा उल्लेख येतो. मुहूर्ताचा क्षण जवळ आल्याची ती खूण. अक्षता, हार, वाजंत्री, कॅमेरा अशी एकच धावपळ उडते. त्या 'ताराबला'वरून तारांबळ, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. मुहूर्ताची घाई हे या शब्दाचे बीज, आणि उत्तरेकडच्या त्या बर्फाळ बेटावरच्या शब्दाचेही बीज घाईच.

संस्कृतातला 'संभ्रम' तर याहून जवळचा आहे. आज आपण तो 'काय करावे हे न कळणे' अशा अर्थाने वापरतो, परंतु जुन्या संस्कृत नाटकांत 'ससंभ्रमम्' ही सूचना येते तेव्हा पात्र लगबगीने, भावनेच्या भरात उठते किंवा बोलते. मुळात 'भ्रम्' म्हणजे फिरणे, गरगरणे. पूज्य व्यक्ती अचानक दारात उभी राहिली की यजमानाची जी धांदल होते तीही संभ्रमच. तीत भीती नाही, आदर आहे. ही छटा इंग्रजी शब्दात नाही, आणि नातीने आजीला 'संभ्रम' हा शब्द सांगितला असता तर कदाचित दोघींची अडचण मिटली असती.

व्याकरणाच्या प्रश्नावर मात्र मराठीने दोन दरवाजे ठेवले आहेत. 'माझी तारांबळ उडाली' असेही म्हणता येते आणि 'त्याने माझी तारांबळ उडवली' असेही. भंबेरी उडते आणि उडवताही येते. दोन्ही वाक्ये शुद्ध, परंतु ती वापरण्याची आपली ठिकाणे ठरलेली आहेत. सभेत वक्त्याने विरोधकाची भंबेरी उडवली, असे आपण कौतुकाने म्हणतो. घरातली सून बँकेत गडबडली, वडील फोनवर फसले, नवा नोकर गिऱ्हाइकापुढे चुकला, की तेथे फक्त 'उडाली'. कर्ता गाळला जातो. मग सल्ला सुरू होतो : इतके कसे कळले नाही?

येथे थोडे विषयांतर करून त्याच घराण्यातल्या एका थोरल्या गृहस्थांची हकिकत सांगतो. इंग्रजीत घबराटीला 'फ्लॅप' असेही म्हणतात. पक्ष्याने पंख फडफडवावेत तशी ती अवस्था. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो सैनिकांच्या बोलीत रुळला. त्यावरून कधीही न फडफडणारा, म्हणजे 'अनफ्लॅपेबल', हे विशेषण तयार झाले आणि ते ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांना कायमचे चिकटले. जानेवारी १९५८ मध्ये त्यांच्या अर्थमंत्र्यांनी आणि कोषागारातील दोन सहकारी मंत्र्यांनी एकाच वेळी राजीनामे दिले. सरकार गडगडते की काय, अशी चर्चा सुरू झाली. मॅकमिलन यांनी ती बाब किरकोळ स्थानिक अडचण असल्याच्या थाटात उडवून लावली आणि ठरलेल्या राष्ट्रकुल दौऱ्यावर निघून गेले. त्या दौऱ्याचा पहिला मुक्काम भारतातच होता. शांतपणाचा महिमा सांगणारी, 'गोंडोलिअर्स' या संगीतिकेतील एक ओळ त्यांनी आपल्या कार्यालयात कार्डावर लिहून लावली होती. आता गंमत पाहा. संसदेतील प्रश्नोत्तरांच्या तासापूर्वी याच माणसाच्या पोटात गोळा उठत असे, मळमळत असे. चारचौघांत तो कोणाला दिसला नाही, इतकेच. जन्मजात न फडफडणारे लोक माझ्या तरी पाहण्यात नाहीत. ज्यांना प्रसंगापूर्वी पाच मिनिटे एकांत मिळतो त्यांची फडफड खोलीत राहते. दिवाणजींना ती पाच मिनिटे कोणी दिली नाहीत.

ही पाच मिनिटे मिळू न देणे हा एक जुना धंदा आहे, आणि त्याचाही शब्द इंग्रजीत आहे. 'हसल'. मूळ डच भाषेतला, अर्थ हलवणे, घुसळणे. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला. टोपीत नाणी टाकून ती खुळखुळवण्याचा एक जुगार होता, त्याच्या नावातच हा शब्द होता. पुढे गर्दीत एखाद्याला धक्काबुक्की करून त्याचा खिसा मारणे यालाही 'हसल' म्हणू लागले. आधी नाणी घुसळत होते, नंतर नाण्यांचा मालक. (आजचे तरुण रात्रंदिवस राबण्याला अभिमानाने 'हसल' म्हणतात. त्यांना हा वंशवृक्ष कोणी दाखवलेला दिसत नाही.) गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकार एकदा तरी अनुभवलेला असतो. ऐन सणाच्या गर्दीत तीन अनोळखी गिऱ्हाइके येतात. एक पाचशेची नोट देतो, सुटे मागतो, लगेच म्हणतो नको, ही शंभरची घ्या, ती परत द्या. तेवढ्यात दुसरा वेगळ्याच मालाचा भाव विचारतो आणि तिसरा हिशेब मध्येच बदलतो. संध्याकाळी रोकड जुळत नाही. गल्ल्यावरचा मुलगा बेरीज-वजाबाकीत कच्चा होता काय? मुळीच नाही. त्याला घुसळण्यात आले होते.

अलीकडची 'डिजिटल अरेस्ट' ही याच धंद्याची नवी शाखा आहे. फोन येतो, पलीकडचा माणूस स्वतःला पोलीस, सीबीआय किंवा कस्टम्सचा अधिकारी म्हणवतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगतो. मग व्हिडिओ कॉल, गणवेश, मागे कार्यालयाचा देखावा, शिक्के मारलेली कागदपत्रे. फोन ठेवायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही, खोलीबाहेर जायचे नाही. ही अवस्था तासन्‌तास, काही वेळा दिवसेंदिवस चालते. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये या फसवणुकीविषयी देशाला सावध केले. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट नाही, हे त्यांनी सांगितले, आणि थांबणे, विचार करणे व नंतर कृती करणे असा क्रम दिला. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. हा क्रमांक घरातील ज्येष्ठांच्या फोनजवळ लिहून ठेवावा. पैसे गेल्यानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात. तक्रार लवकर पोहोचली तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता राहते.

या फसवणुकीला बळी पडलेल्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, उद्योजक आहेत. हिशेबात आयुष्य घालवलेली माणसे आहेत. ''एवढा शिकलेला माणूस कसा फसला?'' हा प्रश्न त्यांना उद्देशून विचारला जातो तेव्हा तो ऑथेल्लोच्या प्रश्नासारखाच असतो. भांडण कोणी सुरू केले ते विचारायचे, पेला कोणी भरला ते विचारायचे नाही. शिक्षणाने ज्ञान मिळते. फ्लस्टर झालेल्या माणसाचे ज्ञान तर शाबूतच असते, ते वापरण्याइतकी सवड त्याच्याकडे उरू दिलेली नसते. म्हणूनच त्या ठगांची पहिली अट 'फोन ठेवू नका' ही असते. पैशाची मागणी नंतर. एकदा फोन खाली ठेवला, मुलाला हाक मारली, घोटभर पाणी प्यायले, तर सारा देखावा कोसळेल, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

घरी आलेला राग समजण्यासारखा आहे. पैसा कष्टाचा असतो. परंतु त्या रागामुळे एक व्यावहारिक नुकसान होते, तेही सांगितले पाहिजे. ज्याला बोलणी खावी लागतील असे वाटते तो सांगत नाही. सुनेच्या हातून चुकीच्या खात्यात रक्कम गेली, आजोबांनी कोणाला ओटीपी सांगितला, मुनिमाने बनावट पावती खरी मानली. ही बातमी कळायला एक रात्र उलटते, आणि त्या एका रात्रीत पैसा पाच खात्यांतून फिरून निघून जातो. कॅसिओने त्या रात्री आपले दुःख इयागोऐवजी दुसऱ्या कोणाला सांगितले असते, तर नाटक दुसऱ्या अंकातच संपले असते. त्याला लाज वाटत होती.

व्यापाऱ्यांच्या रोजच्या वापरातील एका जुन्या कायद्याला मात्र हा फरक दीडशे वर्षांपूर्वीच कळला होता. १८७२ चा भारतीय करार कायदा पाहा. त्याच्या १२ व्या कलमात एक उदाहरण आहे. माणूस एरवी शहाणा असला, तरी तापाच्या भ्रमात किंवा कराराच्या अटी समजणार नाहीत इतक्या नशेत असेल, तर ती अवस्था संपेपर्यंत तो करार करू शकत नाही. म्हणजे शब्दाचा जुना, पेल्यातला अर्थ. पुढे १६ वे कलम आहे, अनुचित प्रभावाविषयीचे. वय, आजार, मानसिक किंवा शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची मानसिक क्षमता तात्पुरती का होईना बाधित झाली आहे, अशा माणसाशी जो करार करतो तो वरचढ स्थितीत आहे, असे हे कलम मानते. हा झाला शब्दाचा नवा, पेल्याविना अर्थ. अशा वरचढ माणसाने केलेला व्यवहार उघड अन्यायाचा दिसला, तर संमती मोकळेपणाने दिली होती हे सिद्ध करण्याचा भार त्या वरचढ माणसावरच टाकलेला आहे. कायदा येथे 'उडाली' म्हणून थांबत नाही. उडवणाऱ्याला समोर बोलावतो. अर्थात न्यायालयात हे शाबीत करणे सोपे नसते, आणि परदेशात बसलेल्या ठगापुढे करार कायदा काय करणार? परंतु भागीदारीची फारकत, वृद्धापकाळी लिहून घेतलेले बक्षीसपत्र, आजारपणात मागितलेल्या सह्या या गोष्टी आपल्या घरांना परक्या नाहीत, आणि तेथे हे कलम वकिलांना नेहमी आठवते.

पाश्चात्त्य देशांत याच विचारातून आणखी एक सोय निघाली. तिचे नावच 'कूलिंग ऑफ', थंड होण्याचा काळ. दारावर येऊन माल गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांचा उच्छाद झाल्यावर अमेरिकेत १९७० च्या दशकात अशा खरेदीसाठी तीन दिवसांची मुदत देणारा नियम आला. त्या मुदतीत कारण न देता सौदा मोडता येतो. तापलेले रक्त निवायला वेळ लागतो, हे त्या नावातच मान्य केलेले आहे. आपल्याकडे विमा पॉलिसीला अशी सोय आहे. पूर्वी साधारणतः पंधरा दिवसांची असलेली ही 'फ्री लुक' मुदत २०२४ च्या नियमांनी तीस दिवसांची झाली. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ती मोजतात. कागद वाचून अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी परत करता येते. झालेल्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन उरलेली रक्कम मिळते. ''आज शेवटचा दिवस आहे, आत्ताच सही करा,'' असे मार्चच्या अखेरीस सांगणारे अनेक जण घरी आणि दुकानी येतात. या तीस दिवसांविषयी त्यांच्यापैकी किती जण आपण होऊन बोलतात, ते येत्या मार्चमध्ये विचारून पाहावे.